कुटुंबाच्या सहलीत जुगाराचा पट कशाला?

उसाचे बिल जमा झाले किंवा बेदाण्याचा सौदा आटोपला, की अलीकडे आपल्या शेतकरी घरांतूनही सहलीची बोलणी सुरू होतात. ही चांगलीच गोष्ट आहे. आमच्या लहानपणी सहल म्हणजे पंढरीची वारी, जोतिबाची चैत्री यात्रा, नाहीतर सुट्टीत मामाचा गाव. घरच्या बाईला तर माहेर सोडले तर उंबऱ्याबाहेरचे जग फारसे दिसतच नसे. आज दोघे भाऊ मिळून एक गाडी ठरवतात, म्हातारी आई, बायका, पोरेबाळे यांना घेऊन कोकणात किंवा गोव्याला चार दिवस जाऊन येतात. वर्षभर मातीत राबणाऱ्या माणसांनी समुद्राच्या पाण्यात पाय भिजवून यावे, यात गैर काहीच नाही. उलट मी तर म्हणेन, शेतीच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात खतामुतासारखा सहलीचाही एक रकाना असावा.

पण या सहलींच्या निमित्ताने एक प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे. कुटुंबांसाठी म्हणून चालवलेली जी रिसॉर्ट असतात, समुद्रावर फिरवून आणणारी जी मोठी जहाजे असतात, त्यांवर कॅसिनो असावा का? कॅसिनो म्हणजे सरळ मराठीत सांगायचे तर परवाना घेतलेले, दिव्यांनी झगमगणारे जुगारघर. शेतकऱ्याला याच्याशी काय करायचे आहे, असे कुणी म्हणेल. दहा वर्षांपूर्वी मीही हा विषय लेखासाठी घेतला नसता. आता घ्यावासा वाटतो, कारण आपली माणसे तिथवर पोचली आहेत.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथला जुगारबंदीचा कायदा १९७६ सालचा. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना परवानगी मिळाली. पुढे १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांवर पत्त्यांचे आणि फिरत्या चाकाचे खेळ चालवायला वाट मोकळी झाली. कायद्यात शब्द समुद्रातल्या जहाजांचा असला, तरी पणजीला गेलेल्या प्रत्येकाने ही जहाजे मांडवी नदीत, शहराच्या अगदी समोर उभी असलेली पाहिली आहेत. रात्री त्यांचे दिवे पाण्यात पडतात तेव्हा दृश्य मोठे देखणे दिसते. पोरे विचारतात, "बाबा, त्या बोटीत काय आहे?" आणि काठावरचा तिकीटवाला सांगतो, "चला की, फॅमिलीसाठी सगळी सोय आहे."

सोय असते, हे खरे आहे. प्रवेशाचे पैसे एकदा भरले की पोटभर जेवण, गाणे-बजावणे, पिणाऱ्याला दारू, काही ठिकाणी लहान मुलांना खेळायला वेगळी खोली आणि ती सांभाळायला माणूस. शिवाय त्याच पैशांत खेळण्यासाठी थोड्या रकमेचे कूपन. हे कूपनच या सगळ्या व्यवहाराचे बी आहे. फुकट मिळालेल्या कूपनावर माणूस पहिला डाव लावतो. तिथून पुढे तो स्वतःच्या खिशातून लावतो.

गोव्याच्याच कायद्यातली दोन कलमे मला फार बोलकी वाटतात. एक, एकवीस वर्षांखालच्या कुणालाही खेळाच्या दालनात प्रवेश नाही. दुसरे, १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना या कॅसिनोंत खेळायला बंदी घातली गेली. तिथे नोकरी करणाऱ्याला ये-जा करता येते, पण गोव्याच्या रहिवाशाने पट लावायचा नाही. सिक्कीममध्येही २००२ चा कॅसिनोचा कायदा आहे आणि तिथेही स्थानिकांना खेळू न देण्याचेच धोरण पुढे आले. आता विचार करा. घरच्या सुगरणीने एक पदार्थ केला, पाहुण्यांच्या पानात आग्रहाने वाढला आणि स्वतःच्या पोरांना मात्र सांगितले की याला हात लावू नका. तर पाहुण्याने त्या पदार्थाविषयी काय समजावे?

आता त्या खेळाचे गणित पाहू. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. दर वर्षी मे महिन्यात गावोगाव सोयाबीनच्या उगवणक्षमतेची चाचणी करून दाखवतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ओलसर ठेवायची आणि पाच-सात दिवसांनी मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर बियाणे पेरायला योग्य. कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे किंवा ते बियाणेच बदलायचे. शंभरात किती, हा प्रश्न विचारायची सवय आपल्या शेतकऱ्याला आता चांगली लागली आहे. तोच प्रश्न कॅसिनोतल्या चाकाला विचारावा.

त्या चाकावर शून्यापासून छत्तीसपर्यंत सदतीस घरे असतात. तुम्ही एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि गोळी त्याच घरात पडली, तर तुमचे शंभर परत मिळून वर पस्तीसशे मिळतात, म्हणजे हातात छत्तीसशे येतात. ऐकायला हे घबाडच वाटते. पण सदतीस वेळा शंभर-शंभर लावले तर खर्च सदतीसशे. सदतीस वेळांत सरासरी एकदा तुमचा आकडा येणार, तेव्हा परत छत्तीसशे. उरलेले शंभर मालकाचे. लाल-काळ्यावर लावा, सम-विषमावर लावा, कसेही लावा. त्या एका शून्याच्या घरामुळे शंभरामागे सुमारे दोन रुपये सत्तर पैसे मालकाकडे जातात. काही चाकांवर शून्याची दोन घरे असतात, तिथे शंभरामागे सव्वापाच रुपये जातात. यात लबाडी नाही, हातचलाखी नाही. चाक अगदी प्रामाणिक असले तरीही हे असेच होते. लबाडी करण्याची मालकाला गरजच नसते.

शंभरात पावणेतीन म्हणजे काय मोठे, असे वाटेल. बाजार समितीत आडत-हमालीत आपण याहून जास्त देतो. फरक असा की आडत मालाच्या एका विक्रीवर एकदाच कापली जाते. चाक मात्र तासाला तीस वेळा फिरू शकते. पाचशे रुपयांचा डाव धरला तर तासाला पंधरा हजारांची उलाढाल झाली, आणि त्यावर सरासरी चारशे रुपये गेले. रात्रभर बसलात तर सव्वातीन हजार. हीसुद्धा सरासरीची गोष्ट. माणूस सरासरीने खेळत नाही. हरला की तो डाव दुप्पट करतो, म्हणजे एकदा जिंकले की सगळे वसूल होईल. पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार, सोळा हजार: ओळीने सहा डाव गेले की साडेएकतीस हजार गेले. आणि सहाव्या डावाला नशीब उघडले असते, तर एवढ्या सगळ्या धडपडीतून निव्वळ फायदा किती झाला असता? पाचशे रुपये. कागदावर हे गणित एकदा मांडून पाहावे. घरातल्या सातवीच्या मुलाकडून मांडून घ्यावे, म्हणजे दोघांचेही शिक्षण होईल.

हे गणित मी एकदा तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराला सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, शेती तरी दुसरं काय हाय? जुगारच की. आभाळाकडं बघून पैसा लावायचा."

हे वाक्य आपण सगळेच बोलतो. भारतीय शेती म्हणजे पावसावरचा जुगार, असे पुस्तकांतूनही लिहिलेले असते. अवकाळीने मणी तडकलेल्या बागेत उभ्या असलेल्या माणसाला हे वाक्य खोटे म्हणून सांगण्याची माझी छाती नाही. तरीही ते पुरते खरे नाही. शेतीत धोका आहे, पण त्या धोक्यावर आपल्या हाताचा काही अंमल चालतो. बीजप्रक्रिया केली की मर कमी होते. वापसा पाहून पेरले की उगवण सुधारते. बांधबंदिस्ती केली, शेततळे काढले, एका पिकाऐवजी आंतरपीक घेतले, विमा उतरवला, की धोका थोडा-थोडा हटतो. मेहनतीने आणि शहाणपणाने शंभरातले आपल्या बाजूचे दाणे वाढवता येतात. चाकापुढे दहा वर्षे बसलेला माणूस आणि आज पहिल्यांदा आलेला माणूस यांना शंभरातले तेच मिळते. तिथला अनुभव कामाचा नाही आणि मेहनत तर नाहीच नाही. आणखी एक फरक आहे. शेत पिकले की धान्य तयार होते, कुणाच्या तरी पोटात जाते. डाव जिंकला तरी जगात एक दाणाही वाढत नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते, एवढेच.

आपल्या अगदी जुन्या वाङ्मयातही हा विषय आला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या दुःखाचे एक सूक्त आहे. घर सुटलेला, बायकोला पारखा झालेला, देणेकऱ्यांना भिऊन रात्री दुसऱ्याच्या घरी जाणारा माणूस त्यात बोलतो. आणि त्याला शेवटी उपदेश मिळतो तो हाच, की फासे सोड आणि शेत कस. कृषी विस्ताराचे काम इतके जुने आहे, हे वाचून मला माझ्या नोकरीविषयी जरा अभिमानच वाटला.

आता एका घराची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण ती माणसे अजून माझ्या तालुक्यात आहेत आणि भली आहेत. दोघे भाऊ, एकत्र कुटुंब, चार एकर बाग. एका वर्षी बेदाण्याला भाव बरा लागला. एप्रिलची खरड छाटणी उरकून मे महिन्यात दोन्ही घरे मिळून गोव्याला गेली. धाकटा भाऊ उत्साही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे जण एका जहाजावर गेले. मुले खेळाच्या खोलीत, दोघी जावा आणि सासू गाण्याच्या कार्यक्रमाला, थोरला जेवून पेंगुळलेला. धाकटा कूपन घेऊन चाकाकडे गेला. पहिल्या अर्ध्या तासात त्याने सहा हजार जिंकले. घरच्यांना येऊन दाखवले, मुलांना आइस्क्रीम दिले आणि पुन्हा आत गेला. पहाटे बाहेर आला तेव्हा खिशातले गेले होते आणि मोबाइलवरून बँकेतले एक लाख ऐंशी हजारही गेले होते. त्या पैशांत सोसायटीचा हप्ता होता, आणि थोरल्याच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी होती.

मला हे सांगितले ते धाकट्याच्या बायकोने. मी पंचनाम्याच्या कामासाठी गेलो होतो, कागद होईपर्यंत तिने चहा ठेवला. मी म्हटले, "वहिनी, हप्ता भरला का शेवटी?" ती म्हणाली, "भरला की साहेब. माझ्या पाटल्या बँकेत ठेवल्या." थोडे थांबून पुढे म्हणाली, "पाटल्यांचं काही न्हाई. सोडवून आणू. पण थोरल्या जाऊबाई त्या दिवसापास्नं बोलायच्या न्हाईत. आणि आमचं बारकं पोरगं शाळेत सांगतंय, माझ्या पप्पांनी बोटीत सहा हजार जिंकलं. त्याला तेवढंच म्हाईत हाय."

हा शेवटचा मुद्दा माझ्या मनातून जात नाही. गेलेल्या पैशांचे दुःख मोठ्यांनी आपसांत वाटून घेतले, मुलाच्या वाट्याला फक्त जिंकल्याची गोष्ट आली. ज्या ठिकाणी मूल आनंदात होते, पोटभर जेवले होते, खेळले होते, त्या ठिकाणाशीच त्याच्या मनात जुगार जोडला गेला. गावच्या पारामागे किंवा उसाच्या फडात चोरून चालणारा तीन पत्तीचा अड्डा वाईटच. पण तिथे मुलाला हे तरी कळते, की ही जागा आपल्या घरच्यांची नव्हे. कुटुंबाच्या सहलीत ही खूण पुसली जाते. माझा मुख्य आक्षेप आहे तो इथे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कॅसिनोमुळे हजारो जणांना नोकऱ्या मिळतात, हॉटेले-टॅक्सी चालतात, सरकारला महसूल मिळतो, हे खोटे नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. सरकारने स्वतः १९६९ मध्ये महाराष्ट्रात लॉटरी सुरू केली, मग कॅसिनोवाल्यालाच का बोलावे, असेही विचारतात. सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाचे काय करावे हे आपण कोण सांगणार, हाही मुद्दा आहे. आणि बहुतेक जण पाचशे-हजार गमावून हसत बाहेर येतात, हेही मी मान्य करतो. सगळेच काही पाटल्या गहाण ठेवत नाहीत.

परंतु ज्यांनी हा धंदा विचारपूर्वक केला, त्यांनी काय काळजी घेतली तेही पाहावे. सिंगापूरने कित्येक वर्षे कॅसिनोला नकार दिला होता. २००५ मध्ये तिथल्या सरकारने निर्णय बदलला आणि २०१० साली दोन मोठी रिसॉर्ट सुरू झाली. त्यांतल्या एकात मुलांसाठी प्रसिद्ध करमणूक उद्यान आहे, मत्स्यालय आहे. म्हणजे कुटुंबाचे रिसॉर्ट आणि कॅसिनो एकाच आवारात. पण सरकारने स्वतःच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी कॅसिनोच्या दाराशी जबर प्रवेशपट्टी बसवली. आधी ती शंभर सिंगापूर डॉलर होती, २०१९ पासून चोवीस तासांना दीडशे झाली. शिवाय बायकोला, मुलाला, आई-बापाला अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोत येण्यास मनाई करवून घेता येते. घरच्यांचे म्हणणे तिथे कायद्याने ऐकले जाते. आमच्या वहिनींना असा अर्ज करायला जागा कुठे होती?

अमेरिकेतल्या लास वेगासची गोष्ट उलट दिशेची. नेवाडा राज्यात १९३१ पासून जुगार कायदेशीर आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या मालकांनी कुटुंबांना बोलवायचे ठरवले. एमजीएम ग्रँड या प्रचंड हॉटेलाने १९९३ मध्ये शेजारी करमणूक उद्यान काढले. ते दहा वर्षांच्या आत बंद पडले, आणि ते शहर पुन्हा मोठ्यांच्या करमणुकीकडे वळले. मुले आणि जुगार एका छपराखाली नांदवणे खुद्द जुगाराच्या राजधानीलाही जमले नाही.

जहाजांचे म्हणाल तर जगातल्या बहुतेक मोठ्या क्रूझवर कॅसिनो असतो आणि जहाज बंदर सोडून खुल्या समुद्रात गेले की तो सुरू होतो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून गोव्याकडे जाणारी मोठी क्रूझ सुरू झाली, तिच्यावरही पोहण्याचा तलाव, नाटकगृह यांच्या जोडीला कॅसिनो होता. कंपन्या म्हणतात, कॅसिनोशिवाय जहाज परवडत नाही. पण डिस्ने कंपनीची जहाजे १९९८ पासून समुद्रावर आहेत, त्यांवर कॅसिनो नाही आणि तरीही ती चालतात. मुलांसाठीचे जहाज म्हणून त्यांनी ही गोष्ट ठेवलीच नाही. म्हणजे मनात आणले तर परवडते.

आपल्या महाराष्ट्रात १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा विधिमंडळाने केला होता. तो कधी अमलातच आला नाही. मधूनमधून तो लागू करण्याची मागणी होई. अखेर २०२३ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. हे योग्य झाले असे मला वाटते. कारण जुगार आपल्याकडे कसा पसरतो ते आपण एकदा पाहिले आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव मुंबईच्या कापूस बाजारात तारेने येत, त्या आकड्यांवर पैजा लागत. ते आकडे येणे थांबल्यावर १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे काढू लागले आणि त्याचा मटका झाला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्या कापसाच्या भावाचे. कापूस पिकवणारा वऱ्हाडातला शेतकरी भावासाठी झगडत राहिला, आणि त्याच्या कापसाच्या नावाने निघालेला आकडा त्याच्याच गावच्या पानपट्टीवर येऊन बसला. अलीकडे मोबाइलवरच्या पैशांच्या रमीने हेच केले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली, पण तोवर पुष्कळ घरांतले पुष्कळ काही गेले होते.

हा प्रश्न आता आपल्या बांधावरही आला आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी आपल्या शेतावर राहण्या-जेवणाची सोय केली. ज्वारीचा हुरडा, बैलगाडी, चुलीवरची भाकरी यासाठी शहरातली कुटुंबे येतात. आमच्या भागातल्या अशाच एका केंद्राच्या मालकाने मला विचारले, "साहेब, शनिवारी पुण्याकडचे काही ग्रुप येतात. त्यांना पत्ते खेळायला एक बंद खोली पाहिजे असते. चांगले पैसे देतो म्हणतात. द्यावी का?"

मी त्याला कायदा सांगितला. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे आणि पैसे घेऊन जुगाराला जागा देणारा खेळणाऱ्याइतकाच, किंबहुना जास्त, त्यात अडकतो. पण कायद्यापेक्षा त्याच्या घरच्या काकूंचे बोलणे मला जास्त पटले. त्या भाकरी थापता थापता आतूनच म्हणाल्या, "त्या खोलीचं भाडं मिळंल वो, पण मग बायकापोरं घेऊन येणारी माणसं यायची बंद हुतील. माझ्या चुलीम्होरं बसून पोरं जेवत्यात. पलीकडच्या खोलीत डाव मांडलाय म्हटल्यावर त्यांची आई हितं बसंल का?" खोली दिली गेली नाही. आज त्या खोलीत मुलांसाठी जुनी अवजारे मांडून ठेवली आहेत: पाभर, कोळपे, मोट, जाते. मुले जाते ओढून पाहतात आणि दमतात.

काकूंनी जे एका वाक्यात सांगितले ते कंपन्यांच्या हिशेबनीसांना कळत नसेल असे नाही. कुटुंब सहलीला येते ते एकत्र बसायला. वर्षभर नवरा रानात, बायको घरात-रानात, मुले शाळेत. चार दिवस तरी सगळी एका ताटाभोवती असावीत म्हणून आपण पैसे मोडतो. कॅसिनो आला की पहिली गोष्ट होते ती ही, की कायद्यानेच मुले एका खोलीत आणि बाप दुसऱ्या खोलीत. सहलीचा मूळ हेतूच मोडतो. म्हणून माझे मत असे आहे: जुगारघर चालवायचेच असेल आणि सरकारने परवाना दिलाच असेल, तर ते मोठ्या माणसांचे म्हणून वेगळे चालवावे, वेगळ्या दाराने, वेगळ्या तिकिटावर. त्याने कुटुंबाची पाटी लावू नये. आणि ज्याने कुटुंबाची पाटी लावली, त्याने आत पट मांडू नये. फुकट कूपन, फुकट दारू आणि मुलांची खोली ही तिन्ही एकाच तिकिटात देणे तर बंदच व्हायला हवे. घरच्यांच्या अर्जावर माणसाला दारातच थांबवण्याची सिंगापूरसारखी तरतूद आपल्याकडे झाली, तर पुष्कळ पाटल्या हातातच राहतील.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर सहलीला निघणाऱ्या घरांना चार व्यवहाराच्या गोष्टी सुचवतो. ठिकाण ठरवतानाच विचारून घ्यावे, की तिथे कॅसिनो आहे का आणि तिकिटात खेळण्याचे कूपन धरले आहे का. कूपन धरले असेल तर ते वगळून किती पैसे होतील, असे स्पष्ट विचारावे. सहलीचा खर्च आधी कागदावर मांडून तेवढीच रक्कम बरोबर घ्यावी, आणि ती शक्यतो घरच्या बाईकडे ठेवावी. हप्त्याचे, फीचे, खताचे पैसे निघण्यापूर्वीच भरून टाकावेत, म्हणजे खात्यात मोहाला जागा राहत नाही. मोबाइलवरून एका दिवसात किती पैसे काढता येतील याची मर्यादा बँकेकडून कमी करून घेता येते, ती चार दिवसांसाठी घ्यावी. एवढे करूनही कुणी चुकला, तर घरातल्यांनी त्याला वाळीत टाकू नये. आकडा स्पष्ट मांडावा, फेडीचा कागद करावा आणि पुढे चालावे. बोलणे बंद झाले की माणूस गेलेले वसूल करायला पुन्हा तिथेच जातो.

आणि मुलांना खरे सांगावे. सहा हजार जिंकले तेही सांगावे आणि एक लाख ऐंशी हजार गेले तेही सांगावे. सोयाबीनचे शंभर दाणे मोजायला बसवतो तसेच मुलाला जवळ बसवून हाही हिशेब मांडावा. बेरीज-वजाबाकी ज्याला घरात शिकवली गेली, त्याला दिव्यांची बोट लांबूनच सुंदर दिसते.